मुरूडला पोचलं की आधी ओहोटीची वेळ

दापोलीजवळच्या मुरूडला आम्ही घरगुती खोलीत उतरतो. पोचल्याबरोबर मी घरमालकीण काकूंना विचारते, ओहोटी कधी? माझा सगळा आराम तिच्यावर बेतलेला. ओहोटीला घट्ट, ओली वाळू उघडी पडते; अनवाणी शेजारच्या कर्दे गावाच्या दिशेने चालत सुटायचं. भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून फिरण्याची वेळही रोज बदलते आणि ऑफिसचं घड्याळ डोक्यातून जातं. मला हेच हवं असतं!

दुपारी सुरूच्या सावलीत चटई. फोन खोलीत. भरती चढत असताना मात्र पाण्यात गुडघ्यापुढे जायचं नाही, मुलांनाही नाही.

संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघायचा. बांगडे ताजे मिळाले तर काकू आनंदाने तळून देतात.