दुसऱ्याचं पत्र

आरएमएसमध्ये, म्हणजे टपाल खात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, ३४ वर्षं नोकरी केली. रात्री मेल आली की सोलापूर स्टेशनात थैल्या उतरायच्या, सील तपासायचं, थैली फोडायची आणि उभ्याने पत्रं खणात टाकत जायची. नजर फक्त पत्त्यावर. पाकीट फाटून आलं तरी आतला कागद बाहेर काढायचा नाही, चिकटवून शिक्का मारायचा आणि पुढे पाठवायचं. एवढ्या वर्षांत दुसऱ्याचं एक पत्र वाचलं नाही.

आता रोज सकाळी चहा झाला की दोन तास दुसऱ्यांचीच पत्रं वाचतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने जुन्या कागदांचे फोटो इंटरनेटवर ठेवलेत. हस्ताक्षर वाचून टाइप करून द्यायला कुणीही बसू शकतं. मुलीने खातं उघडून दिलं. म्हणाली, "अप्पा, अक्षर लावण्यात तुमचा हात कोण धरणार?" खरं आहे ते. सोलापुरात एकाच थैलीतून मराठी, कानडी, तेलुगू पत्ते निघायचे. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरांतल्या चिठ्ठ्यांवर तर तेलुगू आणि मराठी एकाच ओळीत असायची. दीडशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याच्या पोराचं इंग्रजीही तसंच आहे. पूर्णविराम नाही, ऐकू येईल तसं स्पेलिंग. मोठ्याने वाचलं की कळतं.

माझ्याकडे बहुतेक अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत झालेल्या यादवी युद्धाच्या शेवटच्या काळातले कागद असतात, १८६४ आणि ६५ चे. सोलापूरकराचा याच्याशी काय संबंध, असं मित्र विचारतात. तिकडचा कापूस अडला म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि युद्ध संपल्याची बातमी येताच १८६५ मध्ये मुंबईतल्या पेढ्या धडाधड बसल्या. पण मी काही कापसासाठी हे वाचत नाही.

मी वाचतो पेन्शनच्या फायली. १८६२ च्या कायद्याने मेलेल्या साध्या शिपायाच्या बायकोला महिना ८ डॉलर मिळायचे. बायको नसेल आणि आई त्याच्यावर अवलंबून असेल तर आईला. पण सिद्ध कशावरून करायचं? म्हणून आया मुलाची पत्रं अर्जाला जोडायच्या. 'एवढे पैसे पाठवतोय' ही ओळ म्हणजे पुरावा. ती पत्रं फायलीत बसली ती आजतागायत तिथेच आहेत. जे आज आपल्याला वाचायला मिळतं, ते कुणीतरी आपल्या ट्रंकेतून काढून सरकारला दिलेलं आहे.

मागच्या महिन्यातली एक फाईल डोक्यातून जात नाही. पत्र व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गच्या खंदकातलं. जून १८६४ पासून एप्रिल १८६५ पर्यंत दोन्ही फौजा तिथे समोरासमोर मातीत बसून होत्या. मुलगा लिहितो, पगार चार महिने झाला नव्हता, आता झाला, २० डॉलर पाठवतो, आधी सरपण घे, मग धाकट्याला बूट. चिखलाबद्दल दोन ओळी. आणि मग, समोरचे लोक रात्री तंबाखू मागतात. कागदाला चार घड्या, आणि घडीच्या रेघेवर तो झिजून आरपार झालेला. एवढी घडी झिजायला ते किती वेळा उघडलं असेल, हे ज्याने टपाल हाताळलंय त्याला सांगावं लागत नाही.

साध्या शिपायाचा पगार तेव्हा महिना १६ डॉलर. चार महिन्यांचे मिळून ६४, त्यातले २० त्याने घरी पाठवले. नोट पाकिटात घालून पाठवायची, वाटेत गेली तर गेली. म्हणून तर १ नोव्हेंबर १८६४ ला त्यांच्याकडे मनीऑर्डर सुरू झाली, शिपायांचे पैसे घरी सुखरूप पोचावेत म्हणून. मी हजारो मनीऑर्डरी पाहिल्या, पण ही व्यवस्था कुणाच्या काळजीतून आली ते माहीत नव्हतं. घरपोच बटवड्याचंही तेच. क्लीव्हलँडच्या टपाल कचेरीतल्या जोसेफ ब्रिग्ज नावाच्या कारकुनाला थंडीत रांगेत उभ्या बायका दिसल्या, आपल्या माणसाचं पत्र आलंय का बघायला आलेल्या. १ जुलै १८६३ पासून मोठ्या शहरांत पत्र फुकट दारापर्यंत जाऊ लागलं. हा माणूस आमच्या खात्यातला, असंच मला वाटतं.

दक्षिणेकडच्या पत्रांना हात लावला की कागदच बोलतो. शेवटी शेवटी तिकडे कागद मिळेना. आलेलं पाकीट उसवायचं, उलटं करून पुन्हा चिकटवायचं आणि आतल्या कोऱ्या बाजूवर पत्ता लिहायचा. भिंतीच्या नक्षीदार कागदाचीही पाकिटं करायचे. घरून येणाऱ्या पत्रांत एकच गोष्ट, खायला नाही, घरी ये. १८६४-६५ च्या हिवाळ्यात दक्षिणेचा सेनापती जनरल ली याच्या सैन्यातून माणसं रात्री निघून जायला लागली. हजेरीपटात त्यांच्या नावापुढे एकच शब्द, 'पळाला'. हजेरीपट दर दोन महिन्यांनी भरायचा आणि रकाना लहान. त्या रकान्यात बायकोचं पत्र मावत नाही. नुसता पट वाचून त्या माणसाला भित्रा ठरवणाऱ्यांचा मला राग येतो.

आणि एक पत्र सगळ्यांनी वाचावं असं. स्पॉट्सवुड राइस, गुलामीतून सुटून उत्तरेच्या फौजेत गेलेला काळा शिपाई. ३ सप्टेंबर १८६४ ला त्याने सेंट लुईच्या लष्करी इस्पितळातून आपल्या मुलींना लिहिलं. मुली अजून गुलामीतच होत्या. जीव गेला तरी तुम्हाला सोडवीन, असं त्या बापाने लिहिलं, आणि मालकिणीलाही वेगळं पत्र पाठवून बजावलं, की माझी पोरं माझी आहेत, फौज घेऊन येतोय. मालकिणीच्या घरच्यांनी ही पत्रं तक्रार म्हणून उत्तरेच्या जनरलकडे धाडली, म्हणून ती सरकारी कागदांत राहिली.

आमच्या आजीचंही एक पत्र असंच गेलं. आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीला होते, तिथेच कामी आले. पेन्शनसाठी आजीने त्यांचं शेवटचं पत्र एका कार्यालयात अर्जाला जोडून दिलं. मूळ कागद परत मिळेल, असं सांगितलं होतं. सहा-सात वेळा ती जाऊन आली, मी लहान होतो, मलाही न्यायची. पत्र मिळालं नाही. आजीला वाचता येत नव्हतं. शेजारच्या मास्तरांकडून ऐकून तिला ते तोंडपाठ झालं होतं, भाकरी थापताना म्हणायची. माझ्या लक्षात त्यातली एकच ओळ राहिलीय: "लिंबाखाली खाट टाकत जा, आत उकडेल."

पाकीट मात्र घरी आहे, त्याची कुणाला गरज नव्हती. परवा ते उजेडात धरलं. फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का, नंबराचा शेवटचा आकडा पुसट, बाजूला सेन्सॉरची मोहर. तारखेतला महिना लागतो, दिवस लागत नाही. कुणीतरी घाईत, शाई कमी असताना मारलाय. मीही असे कितीतरी मारलेत.