यलोस्टोनची अस्वले: रंग सोडा, वशिंड पाहा

चंद्रपूर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला अस्वल म्हटले की एकच प्राणी आठवतो: झिपरे काळे केस, छातीवर पांढरट खूण, लांबट फिकट मुस्कट आणि मोहफुलांच्या दिवसांत पहाटे झाडाखाली त्याची गाठ पडण्याची धास्ती. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलीच्या कुटुंबासह अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गेलो, तेव्हा एकाच रानात ‘काळे अस्वल’ आणि ग्रिझ्ली (तिथले तपकिरी अस्वल) अशा दोन जातींची अस्वले राहतात आणि प्रसंग ओढवल्यास दोघांशी एकाच रीतीने वागून चालत नाही, हे नव्याने शिकावे लागले.

पहिल्याच दिवशी आम्ही फसलो. टॉवर-रूझवेल्टजवळ रस्त्याच्या कडेला दालचिनीच्या रंगाचे अस्वल गवत खात होते, आणि तपकिरी म्हणजे ग्रिझ्ली असे ठरवून आम्ही फोटो घरी धाडलेसुद्धा. गर्दी आवरणाऱ्या रेंजर बाईंनी शांतपणे त्याचे उंच, टोकदार कान आणि कपाळापासून नाकापर्यंत सरळ उतरणारा चेहरा दाखवला. ते ‘काळे अस्वल’ होते. त्या जातीत तपकिरी, बदामी अशा सर्व छटा आढळतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे लामार खोऱ्यात दुर्बिणीतून याच्या उलट दृश्य दिसले. गडद, जवळजवळ काळपट अंगाचे एक अस्वल जमीन उकरत होते आणि पंजाच्या प्रत्येक हिसक्यासरशी त्याच्या खांद्यांवरचे वशिंड हलत होते. हो, वशिंडच, बैलाचे पाहिलेल्याला वेगळे समजावण्याची गरज नाही. ही ग्रिझ्ली. तिचे कान आखूड व गोलसर, चेहरा मध्ये खोलगट, आणि पुढच्या पायांची नखे पाच ते दहा सेंटिमीटर लांब असतात. मान खाली घालून चरणाऱ्या काळ्या अस्वलाच्या खांद्यालाही कधी उंचवटा भासतो, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये.

ओळख पटो वा न पटो, अस्वलापासून किमान ९१ मीटर दूर राहण्याचा तेथील नियम दोन्ही जातींना लागू आहे. पायवाटेवर तिघाचौघांनी मिळून, मोठ्याने बोलत चालावे. आम्ही वळणावळणावर टाळ्या वाजवत होतो. अस्वल समोर आलेच तर पळू नये, कारण ते ताशी ५० किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. तिखटाचा फवारा, म्हणजे बेअर स्प्रे, विमानातून नेता येत नाही, तो तिथेच घ्यावा आणि कमरेच्या पट्ट्याला लावावा. पाठीवरच्या पिशवीतून तो काढेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. अंगावर येणारे अस्वल नऊ ते अठरा मीटरवर आले की किंचित खालच्या रोखाने फवारायचे. डास पळवण्याच्या मलमाप्रमाणे तो अंगावर मारून घेऊ नये, हे सांगावे लागते, कारण आमच्या जावयांनी तसे विचारले होते.

मेल्याचे सोंग घेणाऱ्या मित्राची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. बचावासाठी चवताळलेल्या ग्रिझ्लीने प्रत्यक्ष अंगाला हात घातला, तर पिशवी पाठीवरच ठेवून पालथे पडावे, पाय फाकवावेत आणि दोन्ही हातांनी मान झाकावी. काळ्या अस्वलाने हल्ला केल्यास मात्र पडून राहू नये, हाती येईल त्याने त्याच्या तोंडावर प्रहार करावेत. गोष्टीतला दुसरा मित्र तर येथे मुळीच वाचणार नाही. काळे अस्वल झाडावर सरसर चढते.

तळावर आमच्याकडून एक हलगर्जी झाली. थालीपिठांचा डबा टेबलावर ठेवून आम्ही नदीकडे निघालो आणि शेजारच्या तंबूतल्या आजोबांनी हाक मारून परत बोलावले. खाणेपिणेच नव्हे, टूथपेस्ट आणि सुगंधी तेलही तंबूत न ठेवता लोखंडी पेटीत बंद करावे लागते. माणसाच्या अन्नाची चटक लागलेल्या अस्वलाला अनेकदा ठार करावे लागते.

परतताना न वापरलेला स्प्रे आम्ही नुकत्याच आलेल्या एका पुणेकर कुटुंबाला दिला. त्यांनी आभार मानून तो गाडीच्या डिकीत ठेवला, तेव्हा मला पुन्हा खाली उतरावे लागले.