शेअर सर्टिफिकेटची मागची बाजू

कोथरूडचा टू बीएचके, किंमत ९२ लाख, मध्ये एजंट नाही. विकणाऱ्या काकू सत्तरीच्या, घेणारं जोडपं शेजारच्याच सोसायटीतलं. दोन टक्के दलाली, म्हणजे १ लाख ८४ हजार, दोन्ही बाजूंचे वाचणार होते. कर्ज नव्हतं, त्यामुळे बँकेचा वकीलही नव्हता. माझ्याकडे आलं ते फक्त नोंदणीचं काम. खरेदीखताचा मसुदा त्यांनी एका ओळखीच्या दस्तावरून उतरवलेला, ६ लाख ४४ हजार मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी ऑनलाइन भरलेली. दुय्यम निबंधक कार्यालयातली वेळ साडेअकराची.

अकराला जिन्यात उभ्या उभ्याच मी मूळ कागद मागितले. बिल्डरबरोबरचा १९९६चा करारनामा, त्याची इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सरकारी उतारा, ताबा पत्र आणि सोसायटीच्या सभासदत्वाचं शेअर सर्टिफिकेट. सर्टिफिकेटवर पुढे काकांचं नाव. मागच्या तक्त्यात निळ्या शाईत एक ओळ: तारीख, काकूंचं नाव आणि शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात ‘नॉमिनी’.

“काका कधी गेले?”

“चार वर्षं झाली.”

“मृत्युपत्र?”

“नाही हो. मुलगा इथेच आहे, मुलगी न्यू जर्सीला. ती कालच म्हणाली, आई, विकून टाक.”

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने कुणाशी व्यवहार करायचा, एवढंच त्यातून ठरतं. काकांची आई हयात नव्हती, तेव्हा हिंदू वारसा कायद्याने काकू, मुलगा आणि मुलगी यांचा प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा. दुय्यम निबंधक मालकीची शहानिशा करत बसत नाहीत. दस्त अर्ध्या तासात नोंदला गेला असता, ९२ लाख काकूंच्या खात्यात गेले असते आणि घेणाऱ्याला मिळाला असता फक्त एक तृतीयांश हिस्सा. चांगला एजंट टोकन, म्हणजे इसाऱ्याची रक्कम, घेण्याआधीच ही मागची बाजू बघतो. एजंट नको असेल तर हे काम आपल्याच अंगावर येतं, आणि ते करायचं टोकनच्या आधी.

घेणारे म्हणाले, “मुलाला आत्ता बोलावू, मुलीची संमती व्हॉट्सअॅपवर घेऊ.” तशी संमती चालत नाही. मुलीला विक्रेती म्हणून दस्तात घेतलं असतं तर दुसरीच अडचण होती. ती अनिवासी. तिच्या हिश्श्यावर १ टक्का टीडीएस, म्हणजे विक्रेत्याच्या रकमेतून घेणाऱ्याने कापून भरायचा आयकर, एवढ्यावर भागत नाही. घेणाऱ्याला अनिवासींच्या दराने कपात करावी लागते. म्हणून आधी दोन्ही मुलांनी आईच्या नावे मोबदल्याशिवाय हक्कसोड पत्र करून द्यायचं आणि मग एकट्या काकूंनी विकायचं, असं ठरलं. त्या दिवशी दस्त सादरच केला नाही. चलन डिफेस, म्हणजे वापरलं गेल्याची नोंद होऊन रद्द, झालेलं नव्हतं, त्यामुळे पैसे अडकले नाहीत.

पुढचे सात आठवडे मुलीच्या मुखत्यारपत्रात गेले. पहिलं आलं त्यात फ्लॅट विकण्याचा अधिकार होता, हक्क सोडण्याचा नव्हता. इंटरनेटवरचा नमुना तसाच छापलेला. ते बाजूला ठेवून मजकूर मी इथून पाठवला: फ्लॅटचं पूर्ण वर्णन, भावाला अधिकार, काम हक्कसोड पत्रावर सही करून ते नोंदवण्याचं. तिने नोटरीसमोर सही केली, त्यावर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद मान्य व्हावा यासाठीचा तिथला सरकारी दाखला, घेऊन मूळ कागद कुरिअर केला. तो भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ते दुसऱ्याच दिवशी भरलं. हक्कसोड पत्र नोंदवून त्याची इंडेक्स टू हातात घेतली आणि मगच खरेदीखताची नवी वेळ घेतली.

खरेदीखताच्या दिवशी काकूंचा अंगठा यंत्रावर उमटेना. वयाने रेषा झिजल्या होत्या. पदराने पुसून, किंचित ओला करून, चौथ्या खेपेला उमटला. घेणाऱ्याने ९२ हजार टीडीएस कापून बाकीची रक्कम आधीच आरटीजीएस केली होती आणि तिचा व्यवहार क्रमांक दस्तात घातला होता. टीडीएस भरण्याचा फॉर्म, २६ क्यूबी, त्याने त्याच आठवड्यात भरला. त्यावरून निघणारा १६ बी, म्हणजे कर कापल्याचा दाखला, काकूंना आयकर रिटर्नसाठी लागणार. सोसायटीला हस्तांतरण प्रीमियम २५ हजारांच्या वर देऊ नका, ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून मागितली तरी नाही, हे निघताना दोघांनाही सांगितलं.

काकूंनी हक्कसोड पत्राची इंडेक्स टू तेवढी स्वतःच्या पिशवीत ठेवली. मुलीला फोटो काढून पाठवायचा होता.