पिंक डायन्थस अपडेट: पहिला बहर संपला, आता कटिंग्ज

माझ्या बागेतल्या फायरविच या डायन्थस व्हरायटीचा पहिला बहर संपत आलाय आणि यावेळी झाडाने कमालच केलीय. फुलांच्या काड्या एवढ्या दाट आल्या की मधे मधे पानं दिसत नव्हती, आणि आता फुलं कमी झाल्यावर निळसर राखाडी पानांची गादी वाफ्याच्या कडेवरून खाली उतरायला लागलीय. फुलं नसतानाही झाड बघावंसं वाटतं, हा पिंकचा (बारमाही डायन्थसला पिंक म्हणतात) सगळ्यात मोठा प्लस पॉइंट आहे असं माझं पक्कं मत आहे, बाकी कुठलं बारमाही फुलझाड वर्षभर इतकं नीटनेटकं राहतं सांगा.

नवीन मंडळींसाठी थोडं आधी सांगते. सीझनला ट्रेमधे मिळणारा डायन्थस बहुतेक वेळा चायनेन्सिस ही जात किंवा तिचा संकर असतो, तो फुलतो भरपूर पण फार टिकत नाही. स्वीट विल्यम म्हणजे बार्बेटस, त्याचं आयुष्य साधारण दोन वर्षांचं. मी बोलतेय ते प्लुमेरियस, ग्रॅशियानोपॉलिटॅनस या डायन्थसच्या जाती आणि त्यांच्यापासून केलेल्या बारमाही व्हरायटींबद्दल. यातल्या ग्रॅशियानोपॉलिटॅनसला चेडर पिंक म्हणतात कारण तो इंग्लंडमधे सॉमरसेटच्या चेडर घळीत चुनखडीच्या कड्यांवर रानटी उगवतो. हे एक डोक्यात ठेवलं ना की पुढचं सगळं आपोआप कळतं: कड्याच्या फटीत माती नावाला, पाणी पडलं की लगेच वाहून जातं, ऊन आणि वारा दिवसभर, आणि मुळांभोवती चुना. हे झाड तिथलं आहे, आपण त्याला खतावलेल्या मऊ मातीत बसवायला गेलो तर ते कुरकुरणारच.

आणि म्हणूनच थंडीची काळजी करणाऱ्यांना मी नेहमी सांगते की थंडीचं सोडा, ओलीचं बघा. फायरविच (मूळ जर्मन नाव फॉयरहेक्से, १९५७ सालची व्हरायटी, २००६ साली अमेरिकेतल्या पेरेनियल प्लांट असोसिएशनने तिला त्या वर्षीचं झाड म्हणून निवडलं होतं) उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी सोसते, पण गार दिवसांत बुंध्याशी पाणी साचून राहिलं की तीच झाडं मधूनच काळी पडून सडतात.

हे स्वतः बघायचं म्हणून एकाच झाडाची कटिंग्ज मी दोन ठिकाणी लावली होती. काही उंच वाफ्यात, जिथे निम्मी बागेची माती आणि निम्मी जाडी वाळू आणि बारीक खडी, वर मूठभर चुनखडीची भुकटी, आणि काही शेजारच्या नेहमीच्या कंपोस्ट घातलेल्या मातीत. सुरुवातीला कंपोस्टवाली झाडं दुप्पट मोठी दिसत होती, आणि ज्यांनी ज्यांनी बघितलं त्यांना तीच आवडली. पण वाढ सगळी लुसलुशीत, पेरांमधलं अंतर लांब, पानांवरची ती निळी मेणासारखी झाक कमी, फुलं थोडी, आणि सलग पावसानंतर झाडं मधून उघडी पडली आणि आतली पानं तपकिरी झाली. खडीवाली झाडं बुटकी, घट्ट, हात फिरवला तर टोचतील अशी, आणि बहर सगळा तिकडे. नायट्रोजन जास्त झाला की पिंक पानांच्याच मागे लागतो आणि मऊ वाढ सडतेही लवकर, त्यामुळे आता वर्षातून एकदा अगदी थोडं पोटॅशवालं खत, बास.

कुंडीत लावणाऱ्यांनी कोकोपीटचं प्रमाण एकदम कमी ठेवा, ते ओल धरून ठेवतं आणि आपल्याला नेमकं तेच नकोय. मातीचा सामू (pH) ६.५ ते ७.५ असला की झाड खूश असतं. लावताना बुंधा मातीच्या किंचित वर, त्याच्याभोवती खडीचा थर, पालापाचोळ्याचं आच्छादन अजिबात नाही. ऊन कमीत कमी सहा तास.

छाटणीबद्दल. सुकलेलं फूल नुसतं वरून खुडू नका, काडी खाली पानांपर्यंत कापा. बहर संपला की मी कात्रीने पूर्ण गादी वरून हलकी छाटते, म्हणजे नवी वाढ येते आणि पुन्हा थोडी फुलं मिळतात. पण हिरव्या भागातच कापायचं, खालच्या जुन्या लाकडाळ फांदीवर पान नसेल तर तिथून फुटवा येईलच असं नाही.

माझी दुसरी पिंक, डोरिस, अजून फुलतेय. सॅमन गुलाबी, मधे गडद डोळा. ही ऑलवुडी गटातली, म्हणजे ससेक्सच्या मॉन्टेग्यू ऑलवुडने सतत फुलणारं कार्नेशन आणि प्लुमेरियस यांचा संकर करून जी लाइन सुरू केली त्यातली, म्हणून तिला बहर पुन्हा पुन्हा येतो. वास डोरिस आणि फायरविच दोघींनाही लवंगेचा. लवंगेत जे युजेनॉल असतं तेच यांच्या वासातही आहे, संध्याकाळी वाफ्याजवळ बसलं की उठवत नाही. मिसेस सिंकिन्स पण माझ्या यादीत आहे, जुनी पांढरी डबल, वास जबरदस्त, पण पाकळ्यांच्या गर्दीने कळीची हिरवी नळी एका बाजूने फुटते आणि फूल विस्कटतं, तरी मला ती हवीच आहे.

रोगकिडीत फार काही नाही. मावा दिसला, पाण्याच्या फवाऱ्याने गेला. कोरड्या उन्हात लाल कोळीकडे लक्ष ठेवा, आणि एखादं झाड पाणी असूनही एका बाजूने पिवळं पडून मान टाकायला लागलं तर मर रोग समजून मुळासकट काढा, त्या जागी पुन्हा पिंक नको.

आता मुख्य काम कटिंग्जचं. पिंक तीन-चार वर्षांत मधून लाकडाळ आणि विरळ होतो, ते झाडाचं वयच आहे, म्हणून दरवर्षी थोडी तरुण रोपं तयार ठेवायची. व्हरायटीचं बी धरून उपयोग नाही, रोपं आईसारखी निघत नाहीत. कळी नसलेला फुटवा निवडायचा, एका हाताने खालची काडी धरायची आणि दुसऱ्याने शेंडा सरळ ओढायचा, तो पेरातून अलगद निघून येतो. तीन-चार जोड्या पानं ठेवून खालची काढायची, आणि वाळू-परलाइटमधे (परलाइट म्हणजे हलके पांढरे खडे) पेर बुडेल इतकंच खोचायचं. सावलीत पण उजेडात ठेवा, प्लास्टिकची पिशवी घातली तर रोज उघडा नाहीतर बुरशी येते. साधारण तीन ते चार आठवड्यांत मुळं धरतात, मधल्या पानांत नवा कोंब हलायला लागला की समजायचं लागलं.

डोरिसच्या लांब बाहेरच्या फांद्या मात्र मी तोडणार नाहीये, पेराजवळ छोटी चीर देऊन तारेच्या पिनने वाळूत दाबून ठेवते, मुळं आली की मग आईपासून वेगळं करायचं.