दादाचा हात आणि पत्र्यावरचा पाऊस

दादाच्या उजव्या हाताच्या पाठीवर, अंगठा आणि तर्जनीच्या मधे, खड्डा पडलाय. चिमटीत जोरात काही धरलं की आपल्याला तिथे टणक उंचवटा लागतो, त्याच्या हातात तिथे नुसती कातडी लागते. कोथरूडच्या घरी खिडकीची काच कोपराला आत घुसली आणि अल्नर नर्व्ह (कोपरामागून बोटांकडे जाणारी, मेंदूचे निरोप नेणारी नस) तुटली, पण पहिल्यांदा जिथे नेलं तिथे जखम शिवून "बधिरपणा जाईल हळूहळू" म्हणून घरी पाठवलं आणि आम्हीपण तीन महिने वाट बघत बसलो. त्याचा अजून राग येतो.

मला वाटायचं प्लास्टर काढल्यावर हात बारीक दिसतो ना तसंच असेल, व्यायाम केला की भरेल. तसं नसतं. प्लास्टरमधे नस शाबूत असते. नस तुटली की स्नायू स्वतःचंच प्रोटीन मोडायला लागतो, काही आठवड्यांत तंतू बारीक होतात. आणि असिटिलकोलीनचे (नसेचा निरोप स्नायूला पोचवणारं रसायन) रिसेप्टर, म्हणजे ते पकडणारे भाग, जे एरवी नस टेकते तिथेच गोळा झालेले असतात, ते तंतूभर पसरतात, म्हणजे कुठूनही निरोप येऊ दे, पकडू. मग तंतू आपले आपणच फडफडतात, बाहेरून दिसत नाही पण ईएमजीची (स्नायूतली वीज ऐकायची तपासणी) सुई घातली तेव्हा स्पीकरमधून पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा टपटप आवाज आला. दादा म्हणाला, म्हणजे जिवंत आहे ना अजून?

आहे, पण कायम नाही. नस जोडल्यावर दिवसाला साधारण १ मिमी वाढते, कोपरापासून त्या खड्ड्यापर्यंत २५-३० सेंमी, म्हणजे आठ ते दहा महिने. आणि स्नायू वाट बघतो ढोबळमानाने १२ ते १८ महिने, मग तिथे चरबी आणि चिवट तंतुमय ऊती भरतात, नस पोचली तरी उपयोग नाही. त्यातले तीन आम्ही घालवले! म्हणून ऑपरेशनमधे नस जोडलीच, शिवाय मनगटाच्या वर शेजारच्या नसेची एक फांदी आणून लावली, तिथून अंतर बरंच कमी पडतं.

कुणाला काच लागून बोटं बधिर झाली तर प्लीज लगेच हाताच्या सर्जनला दाखवा.

काल त्याच्या चिमटीतून पेपरचं पान ओढून बघितलं, अंगठ्याचं टोक अजून वाकतंय, म्हणजे चिमटीचा मूळ स्नायू अजून नीट कामाला लागलेला नाही. पुढचा ईएमजी दिवाळीनंतर आहे.