केलं किती, संपलं किती

रात्री रोजनिशीत काय उतरतं? 'अहवाल बघितला. बैठक झाली. पाठपुरावा केला. मांडणीचं काम चालू.' पान भरतं, पण यातलं उद्या कुणाच्या हातात ठेवता येईल असं काही नाही. 'अंदाजपत्रक मंजुरीला पाठवलं' ही खरी नोंद, कारण ते तिऱ्हाईतालाही दाखवता येतं.

दिवसभर राबून काहीच हातावेगळं होत नाही, तेव्हा दोष बहुधा आळसाचा नसतो. एकाच वेळी उघडून ठेवलेली कामं फार असतात. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगांचा नियम इथे चपखल लागू पडतो: हातातल्या कामांची संख्या भागिले आठवड्याला संपणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी काळ. हाती १२ कामं आणि आठवड्याला ३ संपतात, तर प्रत्येक काम सरासरी ४ आठवडे रेंगाळणार. वेग तोच ठेवून ६च हाती घेतली, तर २ आठवडे. जादा तास न बसता! मात्र कामं संपतात त्याहून वेगाने नवी येत असतील, तर हिशेब कोलमडतो. तिथे 'नाही' म्हणण्याला पर्याय नाही.

मोजताना लबाडी होते ती 'उत्तराची वाट बघतोय' या कामांत. ती डोक्यातली जागा अडवतातच, म्हणून त्या १२ मध्ये धरायची.

काम मध्येच सोडलं की लक्षाचा काही भाग तिथेच अडकून राहतो, हे व्यवस्थापनाच्या संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं. सोडणं टळत नसेल, तर उठण्याआधी दोन गोष्टी लिहाव्यात: कुठे थांबलो आणि पुढची पायरी कोणती. मिनिटभराचं काम आहे.

सकाळी एकच ओळ पुरे: 'संध्याकाळपर्यंत अमुक पूर्ण झालेलं असेल.' ते दीड-दोन तासांत बसणारं हवं. मोठं असेल तर तुकडा पाडावा. आणि ते आपल्या हातातलं हवं. 'मंजुरी मिळवणे' नव्हे, 'मंजुरीला पाठवणे'.

नुसती संपलेली कामं मोजायला लागलं की माणूस फुटकळ कामांनी आकडा फुगवतो. म्हणून आठवड्याअखेर प्रत्येक नोंदीपुढे लिहावं, हे कुणी वापरलं. एखाद्या नेमाच्या कामापुढे लागोपाठ दोनदा 'कुणीच नाही' आलं, तर तिसऱ्या आठवड्यात ते करूच नये आणि कुणी विचारतं का ते बघावं.