कॉलेजात असताना पिल्लू आणायचं का? आधी बुधवारी सकाळचे अकरा बघा

बुधवारी सकाळी अकरा वाजता तुमच्या घरी कोण असतं? कॉलेजात शिकणारं कुणी कुत्र्याचं पिल्लू आणायचं म्हणालं, की आधी हे विचारावं. रविवारचं सांगू नका, रविवारी सगळेच घरी असतात. लेक्चर, प्रॅक्टिकल आणि लोकलचा प्रवास चालू असताना दोन महिन्यांच्या जिवाजवळ माणूस आहे का, ते बघायचं.

हिशोब सोपा आहे. पिल्लाच्या वयाच्या महिन्यांत एक मिळवा, साधारण तितके तास ते लघवी धरू शकतं. २ महिन्यांचं पिल्लू ३ तास, आणि तेही झोपलेलं असेल तर. जागं असेल, खेळत असेल तर अर्ध्या-पाऊण तासात फरशी ओली. या वयात ते दिवसाचे १८ ते २० तास झोपतं, पण ही झोप तुकड्यातुकड्यांची असते. मधे उठलं की शू, मग खाणं, मग दहा मिनिटं धिंगाणा, परत शू, परत झोप. खाणं दिवसातून ४ वेळा, तीन महिन्यांनंतर ३ वेळा आणि सहा महिन्यांनंतर २ वेळा.

आता डोंबिवलीहून सीएसएमटीच्या बाजूला कॉलेजला जाणारा मुलगा घ्या. साडेसहाला घर सोडलं तर परत यायला साडेतीन वाजतात. नऊ तास. तेवढ्या वेळात बंद खोलीतलं पिल्लू दोन खाणी चुकवतं, रडून शेजाऱ्यांना हैराण करतं, चार्जरची वायर चावतं. सगळ्यात मोठं नुकसान मात्र दिसत नाही. झोपतो ती जागा घाण करायची नाही, ही जाणीव पिल्लाला उपजत असते आणि शी-शूची शिस्त तिच्याच आधारावर लागते. स्वतःच्या अंथरुणात शू करून त्यातच तासन् तास पडून राहायची वेळ रोज आली, की ती जाणीव बोथट होते. मग वर्षाचा कुत्रा घरात घाण करतो आणि लोक म्हणतात, हट्टी आहे.

घरी आई किंवा आजी असेल तर प्रश्न सुटला असं समजू नका. ‘आई बघेल’ हे तुमचं वाक्य झालं, तिचं नाही. तिला नीट मोजून सांगा: पहिले तीन महिने रोज सहा-सात वेळा फरशी पुसायची, दुपारची दोन खाणी द्यायची, झोपमोड होणार. गुडघे दुखणारी आजी असेल तर पायांत घुटमळणारं पिल्लू म्हणजे पडण्याची भीती, हेही आधीच बोलून घ्या. सगळं ऐकून त्या हो म्हणाल्या, तर तो खरा होकार.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचं गणित वेगळं. लिव्ह अँड लायसन्सचा करार ११ महिन्यांचा असतो, आणि देशी कुत्रा नीट सांभाळला तर १३-१४ वर्षं सहज जगतो. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही, असं ॲनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. त्यामुळे सेक्रेटरींनी तोंडी दम दिला म्हणून घाबरायचं कारण नाही. पण घरमालकाची गोष्ट निराळी. तो करारातच कुत्रा नको म्हणू शकतो, आणि दर ११ महिन्यांनी नवा घरमालक शोधायची वेळ येऊ शकते. फोनवर ‘हो हो, आणा’ म्हणाला तरी ते करारात लिहून घ्या. हॉस्टेल आणि पीजीत तर विचारही नको.

चार मित्रांनी मिळून पिल्लू आणणं, याला माझा स्पष्ट विरोध आहे. वर्गणी निघते, जबाबदारी निघत नाही. टीवायची, म्हणजे शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली की एक पुण्याला, एक बंगळूरला, एक बाहेरदेशी, आणि कुत्रा कुणाचाच नाही. लसीकरणाच्या पुस्तकावर आणि महापालिकेच्या परवान्यावर एकाच माणसाचं नाव असतं. त्या नावाचा माणूस १९ वर्षांचा असेल, तर ३२-३३ वर्षांचा होईपर्यंत नोकरी, लग्न, घर या सगळ्यात कुत्रा धरूनच ठरवावं लागणार. हा परवाना मुंबईत काढावाच लागतो, दरवर्षी नवा करावा लागतो, आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो.

लसींचं वेळापत्रक पाठच करा. सहा ते आठ आठवड्यांत पहिली एकत्रित लस (डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे विषाणूंच्या रोगांवरची), मग दर ३-४ आठवड्यांनी पुढचा डोस, आणि शेवटचा डोस १६ आठवडे झाल्यावर. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी, नंतर डॉक्टर सांगतील तसे बूस्टर. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर १५ दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. एवढ्या वेळा लस का, असं लोक विचारतात. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत ती लसीलाच निष्प्रभ करते, आणि ती नेमकी कधी संपते हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून एक डोस देऊन थांबलेल्या पिल्लाचा भरवसा धरता येत नाही, आणि पार्व्हो नेमका तिथेच गाठतो.

पार्व्होबद्दल थोडं सविस्तर सांगतो. पिल्लू खाणं सोडतं, मलूल होतं, उलट्या सुरू होतात, मग घाण वास मारणारे रक्ताचे जुलाब. हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. वेळ लागत असेल किंवा हिरड्या मुळातच पांढुरक्या, चिकट लागत असतील, तर अंगातलं पाणी संपत आलं आहे. सकाळपर्यंत वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा. विषाणू घरात महिनोन् महिने टिकतो. आपल्याकडे सगळ्यावर उपाय म्हणून फिनेल मारतात, पण त्यावर फिनेलचा भरवसा नाही. आधी जागा साबणाने धुवायची, मग १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी करून फरशीवर दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं आणि मग साध्या पाण्याने धुवायचं. पिल्लाला तोवर दुसऱ्या खोलीत ठेवायचं.

फिनेल रोजच्या शूवरही नको. पिल्लू त्यावरून चालतं आणि मग पंजे चाटतं. शिवाय फिनेलच्या वासाने आपल्या नाकाचं समाधान होतं, त्याच्या नाकाला खालचा शूचा वास येतच राहतो आणि ते परत तिथेच बसतं. एन्झाइमवालं क्लीनर मिळालं तर उत्तम, नाहीतर पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारख्या भागाने. आधी कागदाने टिपून घ्यायचं, पुसून पसरवायचं नाही.

पैशांचं म्हणाल तर पहिल्या वर्षी लसी, जंताची औषधं, गोचिडांचा बंदोबस्त, नसबंदी आणि खाणं असं सगळं धरावं लागतं. त्याखेरीज १५-२० हजार रुपये वेगळे, हात न लावता ठेवलेले हवेत. पार्व्हो किंवा टिक फीव्हर (गोचिडांमुळे येणारा ताप) झाला की चार-पाच दिवस सलाइन, रक्ताच्या तपासण्या आणि रोजचा रिक्षाखर्च यात ते बघता बघता जातात. पॉकेटमनीतून हे होत नाही, पालकांशी आकड्यांत बोला. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय आहे, आणि १८८६ पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथेच. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. पण रात्री दोन वाजता बोरिवलीहून परळ लांब पडतं. घराजवळचा रात्रीचा दवाखाना पिल्लू आणण्याआधी शोधा, आणि कुत्र्याला घेऊन येईल अशा एखाद्या रिक्षावाल्याचा नंबरही.

मुंबईचा पाऊस हा स्वतंत्र विषय आहे. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टो पसरतो, तो कुत्र्यालाही होतो आणि कुत्र्याकडून आपल्यालाही होऊ शकतो. लेप्टोची लस दरवर्षी घ्यावी लागते, आणि घेतली तरी डबक्यातून चालवायचं नाही. फिरून आल्यावर पंजे धुवून बोटांमधली जागा कोरडी करायची, नाहीतर बुरशी धरते. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, तेल, काडी काही नको. एक दिसली की भिंतीच्या फटी, स्विचबोर्डच्या मागची जागा, पडद्याची दुमड टॉर्च लावून बघा, कारण ती अंडी कुत्र्याच्या अंगावर घालत नाही, फटीत घालते.

मग आणायचं कधी? परीक्षा संपल्यावर, एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला. आठ आठवड्यांचं पिल्लू आणलं तर जूनमध्ये कॉलेज उघडेपर्यंत ते साडेतीन महिन्यांचं होतं, लसी संपत आलेल्या असतात आणि तुम्ही दिवसभर घरी असता. अडचण एकच: बाहेर शू करायला शिकवण्याच्या ऐन वेळी पाऊस सुरू होतो. म्हणून पहिल्यापासून बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये पेपरवरही सवय ठेवा. गणपतीत नको, दिवाळीत तर नकोच, फटाक्यांची धास्ती या वयात बसली तर जन्मभर जात नाही.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं २०१७ च्या ब्रीडिंगच्या नियमांप्रमाणे बेकायदा आहे. ‘सहा आठवड्यांचं आहे, लवकर लळा लागेल’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. चावताना जोर किती लावायचा हे पिल्लू आई-भावंडांतच शिकतं. हस्की, सेंट बर्नार्ड या दमट हवेत हाल करून घेण्यासाठी आणू नयेत. पग, शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्यांना उन्हाळ्यात दम लागतो. देशी पिल्लू या हवेचंच आहे, आणि दत्तक मिळतं.

गावी जाण्याचं राहिलं. रेल्वेत कुत्रा सोबत न्यायचा तर फर्स्ट एसी किंवा फर्स्ट क्लासचं पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावावर लागतं, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. स्लीपरमध्ये चालत नाही. म्हणजे दिवाळीत कोल्हापूरला जाताना स्लीपरचं तिकीट काढून निघता येणार नाही.

हे सगळं जुळत नसेल तर दोन रस्ते आहेत, आणि मला ते दुय्यम वाटत नाहीत. एक, दोन-तीन वर्षांचा मोठा कुत्रा दत्तक घ्या. तो सवयीने पाच-सहा तास एकटा राहू शकतो आणि त्याचा स्वभाव आधीच कळतो. दुसरा, फॉस्टर, म्हणजे पिल्लू तात्पुरतं सांभाळणं. मुंबईत १९८५ पासून वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज काम करते, इतरही संस्था आणि एकटे काम करणारे लोक आहेत. आई गेलेली किंवा आजारातून उठलेली पिल्लं घर मिळेपर्यंत काही आठवडे सांभाळायला त्यांना माणसं हवीच असतात. घेण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: औषधपाण्याचा खर्च कुणाचा, परत कधी नेणार, आणि रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा. पिल्लाचा दात लागून रक्त आलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जा, महापालिकेच्या रुग्णालयात ती मिळते. पिल्लू लहान आहे, घरातलंच आहे, म्हणून थांबू नका.